मिस्ट्री शॉपिंग: नाव नोंदवण्यापासून मानधन खात्यात येईपर्यंत

ग्राहक म्हणून दुकानात जायचं, सांगितलेली खरेदी करायची, जे घडलं ते लिहून पाठवायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे. मिस्ट्री शॉपिंगचं वर्णन बहुतेक ठिकाणी एवढ्यातच आटोपतं, आणि त्यामुळे नवीन माणसाचं सगळं लक्ष खरेदीकडेच राहतं. मी हे काम बरीच वर्षं करते आहे. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की कंपनी पैसे देते ते तुमच्या अहवालाचे. खरेदी करायला तिला कोणीही मिळेल. काय घडलं ते नेमकं, वेळेवर आणि पुराव्यासह लिहून देणारी माणसं मात्र तिला शोधावी लागतात. हे मनात पक्कं असलं की कोणतं काम घ्यायचं, किती तयारी करायची, दुकानात कशाकडे बघायचं, याची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात.

आता क्रमानं सांगते. घाईत असाल तरी दुसरा टप्पा वगळू नका. नवख्यांचे पैसे बुडतात ते तिथेच.

१. कोण कोणासाठी काम करतं ते समजून घ्या

यात तीन पक्ष असतात. पहिला ब्रँड. आपल्या दुकानांत, बँकेच्या शाखांत, हॉटेलांत किंवा पेट्रोल पंपांवर ग्राहकाला खरोखर कशी वागणूक मिळते हे त्याला जाणून घ्यायचं असतं. कामाच्या भाषेत त्याला 'क्लायंट' म्हणतात. दुसरी मिस्ट्री शॉपिंग कंपनी. ती क्लायंटकडून प्रकल्प घेते, प्रश्नावली तयार करते, माणसं नेमते आणि आलेले अहवाल तपासून पुढे देते. तिसरे तुम्ही. बहुतेक ठिकाणी तुम्ही नोकर नसता, एकेक काम स्वतंत्रपणे घेणारे कंत्राटदार असता. म्हणून पगार नाही, रजा नाही, आणि एखादं काम नाकारलं तर कोणी जाबही विचारत नाही.

कंपनीतल्या दोन माणसांशी तुमचा संबंध येतो. कामं वाटून देणारा शेड्युलर आणि तुमचा अहवाल वाचून मंजूर करणारा एडिटर. क्लायंटशी थेट संपर्क कधीही करायचा नाही. पावतीवर नंबर आहे म्हणून ब्रँडच्या ग्राहक सेवेला फोन करून 'मी तुमच्याकडे तपासणीला आले होते' असं सांगणं म्हणजे कराराचा भंग, आणि त्यावर नोंदणी रद्द होते.

अमेरिकेत १९४० च्या दशकापर्यंत हा व्यवसाय रूढ झाला होता. तेव्हा मुख्य हेतू होता दुकानातले आणि बँकेतले कर्मचारी गल्ल्यातले पैसे लंपास करतात का हे पाहण्याचा. आज बहुतांश काम सेवेचा दर्जा, स्वच्छता, मालाची मांडणी, नियमांचं पालन यांच्या तपासणीचं असतं. 'कोणाला तरी पकडायचं' ही वृत्ती मात्र अजून बऱ्याच नवख्यांच्या मनात असते. ती घरी ठेवून या. चांगली सेवा मिळाली तर ती तितक्याच बारकाईनं नोंदवणं हेही तुमचंच काम आहे.

कामांचे प्रकार पुष्कळ आहेत. प्रत्यक्ष भेट, फोनवरून चौकशी, वेबसाइटवरून मागणी नोंदवणं, छुप्या कॅमेऱ्यानं चित्रीकरण, वयाची अट असलेला माल देताना ओळखपत्र मागतात का हे पाहणं. काही कामांत भेटीच्या शेवटी आपली ओळख उघड करायची असते आणि कर्मचाऱ्यानं योग्य ते केलं असेल तर तिथल्या तिथे त्याला शाबासकीचं पत्र द्यायचं असतं. ही कामं मला फार आवडतात, पण ती पहिल्याच महिन्यात घेऊ नका. समोरच्याला अचानक 'मी तपासणीला आले आहे' हे सांगणं वाटतं तितकं सोपं नसतं.

कमाईबद्दल स्पष्टच सांगते. बहुतेकांसाठी हे जोडउत्पन्न असतं. यावर घर चालवणारी माणसं आहेत, पण ती पुष्कळ कंपन्यांची कामं एकत्र गुंफून, मार्ग आखून, रोज हेच करतात. पहिल्या महिन्यात नोकरी सोडण्याचा विचारसुद्धा करू नका.

२. खोट्या कंपन्या आधी ओळखा

सर्वांत जुनी आणि अजूनही चालणारी फसवणूक चेकची आहे. एक दिवस निरोप येतो की 'तुमची मिस्ट्री शॉपर म्हणून निवड झाली आहे'. तुम्ही अर्जही केलेला नसतो. मग पाकीट येतं, त्यात चेक असतो, आणि तो हुबेहूब खरा दिसतो. सोबतच्या पत्रात सूचना असतात. चेक खात्यात भरा, त्यातलं तुमचं मानधन बाजूला ठेवा, उरलेल्या रकमेची गिफ्ट कार्डं घ्या, मागचा कोड खरवडून त्याचा फोटो आम्हाला पाठवा, आणि दुकानातल्या सेवेबद्दल चार ओळी लिहा. कधी गिफ्ट कार्डांऐवजी पैसे पाठवणाऱ्या सेवेची 'तपासणी' करायला सांगतात आणि रक्कम कोणा अनोळखी नावावर पाठवायला लावतात.

यात माणूस फसतो याचं कारण बँकेच्या व्यवहारात आहे. चेक भरल्यावर काही दिवसांतच रक्कम खात्यात वापरायला मिळू शकते, पण तो चेक खोटा आहे हे उघड व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. खात्यात पैसे दिसतात, म्हणून आपण निर्धास्त होतो. चेक परत येतो तेव्हा बँक ती रक्कम तुमच्याकडून वसूल करते, आणि गिफ्ट कार्डांचे पैसे तर केव्हाच गेलेले असतात. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांच्या हिताचं रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेनं, या प्रकाराबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. पत्रात 'अठ्ठेचाळीस तासांत काम पूर्ण करा' अशी घाई असते, ती उगाच नसते. चेक परत येण्याआधी त्यांना तुमचे पैसे हवे असतात.

दुसरा प्रकार मोबाइलवर चालतो. मेसेज येतो, एका ॲपवर वस्तूंना 'रेटिंग' देण्याचं सोपं काम मिळतं, सुरुवातीला थोडे पैसे खरोखर जमा होतात, आणि मग पुढची कामं 'उघडण्यासाठी' स्वतःचे पैसे भरायला सांगतात. भरलेले पैसे परत येत नाहीत. खऱ्या मिस्ट्री शॉपिंगमध्ये काम मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, कंपन्यांची 'खास यादी' विकत घेणं, यांपैकी काहीही मागितलं की तिथेच थांबा.

खरी कंपनी ओळखताना मी पुढच्या गोष्टी पाहते:

- अर्ज मी केला आहे का? न मागता आलेल्या नेमणुकीला उत्तर देत नाही.
- मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का? नामांकित कंपनीचं नाव वापरून एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेले पत्ते सर्रास येतात. म्हणून मेलमधल्या दुव्यावर न जाता वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून जाते.
- कंपनी एमएसपीए या मिस्ट्री शॉपिंग व्यावसायिकांच्या संघटनेची सदस्य आहे का? ही संघटना १९९८ मध्ये स्थापन झाली आणि जगाच्या वेगवेगळ्या भागांसाठी तिच्या शाखा आहेत. सदस्यांची यादी तिच्या वेबसाइटवर पाहता येते. सदस्य नसलेल्या काही चांगल्या कंपन्याही आहेत, पण नवख्या माणसानं सुरुवात यादीतल्यांपासूनच करावी.
- कामाआधी करार, लेखी सूचना आणि प्रश्नावली मिळते का? सगळा व्यवहार फक्त चॅटवर चालत असेल तर दूर राहा.

बँक खात्याचा क्रमांक मानधन जमा करण्यासाठी द्यावा लागतो, ते योग्यच आहे. पण ओटीपी, कार्डाचा पिन किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड कोणतीच कंपनी मागत नाही.

३. जवळ ठेवायची कागदपत्रं आणि साधनं

- सरकारी ओळखपत्र आणि करासाठी लागणारा क्रमांक
- मानधन जमा होण्यासाठी स्वतःच्या नावाचं खातं, आणि कंपनी परदेशी असेल तर ती वापरते त्या ऑनलाइन पेमेंट सेवेवरचं खातं
- फक्त या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता
- चांगला कॅमेरा असलेला मोबाइल, लोकेशन चालू करता येईल असा, आणि सोबत चार्ज केलेली पॉवर बँक
- सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइलवरचं स्टॉपवॉच
- अहवाल लिहायला संगणक. मोबाइलवर लांब मजकूर लिहिताना चुका राहतात आणि पान मध्येच बंद पडलं तर सगळं वाया जातं
- कामांची नोंद ठेवायला स्प्रेडशीट, आणि पावत्यांसाठी एक फाइल किंवा पाकीट

छुपा कॅमेरा, रेकॉर्डर वगैरे आत्ता विकत घेऊ नका. चित्रीकरणाच्या कामांना तो लागतो, पण काही कंपन्या तो स्वतः पुरवतात. शिवाय समोरच्याच्या संमतीशिवाय आवाज किंवा चित्र टिपण्याचे कायदे ठिकाणानुसार बदलतात. ते माहीत करून घेतल्याशिवाय, आणि कंपनीनं लेखी सांगितल्याशिवाय, रेकॉर्डिंग करायचं नाही.

४. नोंदणी करताना घाई नको

एकाच कंपनीवर अवलंबून राहू नका. एका कंपनीकडे तुमच्या भागात महिनाभर कामच नसेल असं होऊ शकतं. सुरुवातीला चार-पाच कंपन्यांकडे नाव नोंदवा, त्यांचं कामकाज समजलं की वाढवा.

प्रोफाइलमधले प्रश्न पुष्कळांना नकोसे वाटतात. वाहन आहे का, चष्मा लागतो का, घरात लहान मूल आहे का, पाळीव प्राणी आहे का. कामं याच उत्तरांवरून गाळून पाठवली जातात. चष्म्याच्या दुकानाची तपासणी चष्मा लागणाऱ्यालाच मिळते, गाडीच्या शोरूमची परवाना असलेल्याला. अर्धवट भरलेल्या प्रोफाइलला चांगली कामं दिसतच नाहीत. उत्तरं मात्र खरी द्या. बाळ नसताना बाळाचं सामान बघायला गेलात की दुसऱ्याच प्रश्नाला अडखळता.

बऱ्याच कंपन्या लेखनाचा नमुना मागतात. 'तुम्हाला आलेला एखादा चांगला किंवा वाईट ग्राहक अनुभव लिहा.' हाच तुमचा इंटरव्ह्यू असतो. कुठे गेलात, किती वाजता, कोणाशी बोललात, ते काय म्हणाले, शेवटी काय झालं, हे क्रमानं आणि शुद्ध लिहा. 'अप्रतिम', 'भयंकर' अशी विशेषणं टाळा.

करार पूर्ण वाचा. त्यात चार गोष्टी शोधा: मानधन किती दिवसांत मिळेल, अहवाल कोणत्या कारणांनी नाकारला जाऊ शकतो, गोपनीयता किती काळ पाळायची, आणि हितसंबंधांबद्दल काय अट आहे. तुम्ही किंवा जवळचे नातेवाईक त्या ब्रँडमध्ये नोकरीला असाल तर ते काम घेता येत नाही. गोपनीयतेबद्दल लोक फार सैल असतात. सोशल मीडियावर 'आज अमुक हॉटेलची तपासणी केली' असं लिहिणं म्हणजे करार मोडणं, मग ते कितीही कौतुकाचं असो.

५. पहिलं काम निवडताना गणित मांडा

कामाच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. एक मानधन, म्हणजे तुमच्या कष्टाचे पैसे. दुसरा परतावा, म्हणजे खरेदीवर केलेला खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत परत. काही कामांना फक्त परतावाच असतो. एखादं महागडं जेवण किंवा हॉटेलातला मुक्काम फुकट मिळतो म्हणून ते घ्यायला हरकत नाही, पण त्यातून रोख काही येत नाही हे आधीच समजून घ्या. परताव्याच्या मर्यादेपेक्षा जास्त झालेला खर्च तुमच्याच खिशातून जातो.

वेळ मोजताना फक्त दुकानातली वेळ धरू नका. सूचना वाचायला लागलेला वेळ, जाणं-येणं, भेट, अहवाल, एडिटरच्या शंकांना उत्तरं, हे सगळं मिळवा आणि मग मानधनाला भागा. दुकानात वीस मिनिटं आणि अहवालाला दोन तास, असं काम पुष्कळदा असतं. प्रश्नावली आधी पाहता येत असेल तर नक्की पाहा. हो-नाही प्रकारचे पन्नास प्रश्न लवकर संपतात. प्रत्येक उत्तराखाली परिच्छेद लिहायला लावणारे पंधरा प्रश्न संध्याकाळ खातात.

शिवाय या अटी बघा:

- कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळेत जायचं आहे
- त्याच शाखेत पुन्हा जाण्याआधी किती दिवसांचं अंतर हवं. कर्मचाऱ्यांनी तुम्हाला ओळखू नये म्हणून हा नियम असतो
- अहवाल किती तासांत द्यायचा. बारा ते चोवीस तास ही मुदत नेहमीची
- सोबत माणूस चालतो का, मूल चालतं का
- घेतलेला माल परत करायचा आहे का, आणि करायचा असेल तर कधी

पहिली काही कामं लहान आणि जवळची घ्या. साधी खरेदी, एखादी फोन चौकशी. गाडी, घर, कर्ज अशा विषयांत समोरचा विक्रेता तासभर बसवतो, खोलात शिरून प्रश्न विचारतो आणि नंतर आठवडाभर फोन करत राहतो.

महिनाअखेरीस एक वेगळी संधी असते. उरलेली कामं संपवण्याचा शेड्युलरवर दबाव असतो, म्हणून मानधनात बोनस मिळवतात. पण त्यासाठी सगळी कामं शेवटपर्यंत अडवून धरू नका. हवं ते काम हातचं जातं आणि शेड्युलरच्याही ते लक्षात येतं.

६. निघण्याआधी

सूचना दोनदा वाचा. पहिल्यांदा सगळ्या, दुसऱ्यांदा हातात कागद घेऊन. काय विकत घ्यायचं, कोणता प्रश्न विचारायचा, कोणती हरकत घ्यायची, कशाचे फोटो काढायचे, हे कागदावर उतरवा. मग तो कागद घरी ठेवा. दुकानात सूचनांचा कागद बाहेर काढणं म्हणजे आपण कोण हे ओरडून सांगणं.

प्रश्नावलीतले मोजमापाचे प्रश्न पाठ करा. 'आत शिरल्यापासून किती सेकंदांत अभिवादन झालं?', 'रांगेत तुमच्यापुढे किती जण होते?', 'काउंटरवर अजून काही हवं का असं विचारलं का?' यांची उत्तरं नंतर आठवून मिळत नाहीत. त्या क्षणी तुमचं लक्ष तिथे असलं तरच मिळतात.

दिलेलं सोंगही तयार ठेवा. 'बहिणीसाठी भेट घ्यायची आहे' असं सांगायचं असेल तर बहिणीचं वय, आवड, बजेट हे मनात ठरलेलं हवं. चांगला विक्रेता हेच विचारणार, आणि तो विचारतो का हेच तर तुम्ही बघायला गेलेल्या असता.

शाखेचा पत्ता आणि वेळ पुन्हा पडताळा. एकाच रस्त्यावर एकाच ब्रँडच्या दोन शाखा असतात आणि चुकीच्या शाखेची भेट कंपनी स्वीकारत नाही.

७. दुकानात

दारातून आत शिरतानाच घड्याळ पाहा आणि स्टॉपवॉच सुरू करा. मोबाइल हातात असणं आज कोणालाच खटकत नाही, त्याचा फायदा घ्या. वेळ टिपायची सोपी रीत म्हणजे स्वतःलाच मेसेज पाठवणं. 'आत', 'नमस्कार', 'काउंटर', 'पावती' असे एकेक शब्द पाठवले की प्रत्येकाशेजारी वेळ आपोआप उमटते. बघणाऱ्याला वाटतं घरच्यांशी गप्पा चालल्या आहेत.

नाव मिळवणं हा नवख्यांना सर्वांत अवघड वाटणारा भाग. छातीवरची पट्टी टक लावून वाचू नका. पावतीवर पुष्कळदा कॅशियरचं नाव किंवा क्रमांक छापलेला असतो. नाहीतर शेवटी सहज 'तुम्ही छान समजावलंत, परत आले तर कोणाला विचारू?' असं म्हणा. नाव मिळालंच नाही तर वर्णन घ्या: अंदाजे वय, उंची, केस, चष्मा, दाढी, कपड्यांचा रंग. दोन कर्मचाऱ्यांशी बोलणं झालं असेल तर दोघांना एकमेकांपासून वेगळं ओळखता येईल असं किमान एक चिन्ह लक्षात ठेवा.

वागणं साध्या ग्राहकासारखं ठेवा. मुद्दाम त्रास देऊन सहनशक्ती तपासणं, सूचनेत नसलेले आडवे प्रश्न विचारणं, व्यवस्थापकाला बोलावण्याची धमकी देणं, यानं तपासणीच बिघडते. तुम्ही चिथावल्यावर माणूस चिडला, तर त्या चिडण्याला अहवालात काय अर्थ राहिला? गर्दीच्या वेळी विक्रेत्याला विनाकारण अडकवूनही ठेवू नका; त्याचं कमिशन दुसऱ्या ग्राहकावर अवलंबून असू शकतं.

स्वच्छतागृह, ट्रायल रूम, बाहेरचा परिसर यांची पाहणी यादीत असेल तर ती खरेदीच्या आधी उरका. पैसे भरून झाल्यावर पुन्हा दुकानभर फिरणारा ग्राहक लगेच नजरेत भरतो.

पावती हातात पडली की तिथेच पाहा. शाखेचं नाव, तारीख, वेळ, वस्तू, रक्कम. दुकानाबाहेर, दिसणार नाही अशा जागी जाऊन लगेच तिचा फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हात आणि उबेत उडतात. पावती हरवली तर ती भेट झालीच नाही असं धरलं जातं, मग बाकी सगळं कितीही चोख केलेलं असो.

ओळखलंच तर? कर्मचाऱ्यानं हसत 'तुम्ही तपासणीला आलात ना?' असं विचारलं तर गोंधळलेल्या ग्राहकासारखं 'कसली तपासणी?' म्हणा आणि पुढे चला. घडलेला प्रकार शेड्युलरला लगेच कळवा. लपवू नका, कारण कर्मचाऱ्यानं तो वर सांगितलेला असू शकतो.

८. अहवाल त्याच दिवशी लिहा

बाहेर पडल्याबरोबर, शक्य असेल तर बसल्या जागी, जे आठवतं ते कच्चं लिहून काढा किंवा मोबाइलवर बोलून ठेवा. विशेषतः माणसांच्या तोंडचे शब्द. रात्रीपर्यंत शब्द पुसट होतात आणि त्यांच्या जागी तुमचं मत येऊन बसतं.

मत आणि निरीक्षण यांतला फरक एका उदाहरणानं दाखवते. नवीन माणूस असं लिहितो:

'काउंटरवरची बाई उद्धट होती. तिनं मला बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि काहीच मदत केली नाही.'

एडिटर हे परत पाठवणार. उद्धट म्हणजे नेमकं काय केलं? बराच वेळ म्हणजे किती? तोच प्रसंग असा लिहायला हवा:

'मी ४:१२ वाजता काउंटरपाशी पोहोचले. माझ्यापुढे कोणी नव्हतं. काउंटरमागची कर्मचारी (अंदाजे तिशीची, चष्मा, केस मागे बांधलेले, नावाची पट्टी नव्हती) मोबाइलकडे पाहत होती. ४:१५ वाजता तिनं वर पाहिलं आणि "बोला" असं म्हटलं. मी दोन मॉडेलमधला फरक विचारला. "डब्यावर लिहिलंय" असं म्हणून तिनं एक डबा माझ्याकडे सरकवला. दुसरं मॉडेल दाखवलं नाही.'

इथे 'उद्धट' हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. आणि हे त्या कर्मचाऱ्याच्याही बाजूचं आहे. मोबाइलवर ती दुकानाचा साठा तपासत असेल, तर व्यवस्थापक वेळ जुळवून ते पडताळू शकतो. नुसत्या 'उद्धट'वर तिला काही सांगताच येणार नाही. तुमच्या लिखाणावरून कोणाची बढती, बोनस, कधी नोकरीसुद्धा ठरू शकते. म्हणून मी दोन माणसांच्या वर्णनात गल्लत होण्याची जराही शंका असली तर तसं स्पष्ट लिहून एडिटरच्या नजरेस आणते.

काही पक्के नियम:

- हो-नाहीचं उत्तर आणि खालचा मजकूर एकमेकांशी जुळला पाहिजे. वर 'अभिवादन केलं: हो' आणि खाली 'कोणी लक्ष दिलं नाही', असा अहवाल लगेच परत येतो.
- प्रत्येक 'नाही'ला कारण लिहा. आणि पूर्ण गुण देतानाही काय पाहिलं ते लिहा.
- न पाहिलेली गोष्ट पाहिली असं लिहू नका. 'ही बाब पाहता आली नाही, कारण तो भाग बंद होता' हे उत्तर चालतं. अंदाज चालत नाही.
- सल्ले देऊ नका. 'दुकानानं आणखी माणसं नेमावीत' हे क्लायंट ठरवेल. विचारलं असेल तरच मत द्या.
- मजकूर आधी संगणकावर वेगळ्या फाइलमध्ये लिहा, मग चिकटवा. पोर्टल ठरावीक वेळेनं लॉगआउट करतं.
- जुन्या अहवालातली वाक्यं उचलून नव्यात टाकू नका. एडिटरला ती ओळखू येतात.

न जाता अहवाल भरायचा मोह तर मनातच आणू नका. पावतीवरची वेळ, फोटोतलं लोकेशन, दुकानातला कॅमेरा, यांपैकी काहीतरी जुळत नाही आणि नाव कायमचं काळ्या यादीत जातं.

९. पाठवल्यानंतर

काम संपलं असं समजू नका. एडिटरचा प्रश्न एक-दोन दिवसांत येऊ शकतो आणि त्याला उत्तर द्यायची मुदत लहान असते. मेल रोज पाहा. उत्तर मुद्द्याला धरून आणि सौजन्यानं द्या. एडिटर तुमची चूक शोधायला बसलेला नसतो; क्लायंटनं प्रश्न विचारण्याआधी तो त्याला मिटवायचा असतो.

बऱ्याच कंपन्या प्रत्येक अहवालाला गुण देतात, अनेक ठिकाणी दहापैकी. सरासरी चांगली राहिली की तुम्हाला कामं आपोआप मंजूर होऊ लागतात, मग मोठी कामं विचारून दिली जातात. गुण कमी मिळाले तर एडिटरचा शेरा वाचा आणि न समजल्यास नम्रपणे विचारा. पुढच्या अहवालात तीच गोष्ट सुधारलेली दिसली की त्यांना फार बरं वाटतं, आणि ते लक्षात ठेवतात.

काम रद्द करावं लागलं तर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. आजारपण, वाहन बंद पडणं हे शेड्युलर समजून घेतात. न कळवता गायब होणं कोणीच विसरत नाही. मुदत संपायला दोन दिवस असताना मला एकदा भेट शक्य नाही हे दिसलं, तेव्हा मी लगेच कळवलं आणि पुढच्या आठवड्यातली एक अवघड शाखा आपणहून घेतली. त्या शेड्युलरकडून पुढे मला थेट फोनवर कामं येऊ लागली.

१०. पैशांचा हिशेब

मानधन लगेच मिळत नाही. अहवाल मंजूर झाल्यावर महिना-दोन महिने लागणं नेहमीचं आहे, आणि खरेदीचे पैसे तोवर तुमचेच अडकलेले असतात. म्हणून किती रक्कम अशी अडकवून ठेवता येईल याची मर्यादा ठरवा आणि ती गाठली की परतावा येईपर्यंत खरेदीची नवी कामं थांबवा. फोनची आणि चौकशीची कामं चालू ठेवता येतात.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक कामाची एक ओळ ठेवा: कंपनी, शाखा, काम क्रमांक, भेटीची तारीख, अहवाल पाठवल्याची तारीख, मंजुरी, मानधन, परतावा, प्रवासखर्च, पैसे मिळाल्याची तारीख. वर्षअखेरीस कर भरताना हीच ओळ उपयोगी पडते. मानधन हे उत्पन्न आहे आणि परतावा हा खर्चाची भरपाई आहे, म्हणून दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा. कोणता खर्च वजा करता येतो ते तुमच्या इथल्या करसल्लागाराला विचारा. पावत्या आणि अहवालांच्या प्रती कंपनीनं सांगितलेल्या काळापर्यंत जपून ठेवा. काही कंपन्या मूळ पावती नंतरही मागतात.

करारातली तारीख उलटून गेली तर प्रथम काम क्रमांक देऊन हिशेब विभागाला साधा मेल करा. बहुतेक वेळा खात्याच्या क्रमांकातली चूक किंवा प्रलंबित मंजुरी निघते. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर शेड्युलरला कळवा. तरीही काही हललं नाही आणि कंपनी संघटनेची सदस्य असेल, तर सगळ्या मेलच्या प्रती जोडून संघटनेकडे लेखी तक्रार करा. आधीचे पैसे येईपर्यंत त्या कंपनीचं नवं काम, बोनस कितीही देऊ करोत, स्वीकारू नका.